नऊ चौरस मीटरचं रान

डिसेंबरची सकाळ, नऊ वाजायला आलेत. मोशीच्या मैदानाबाहेर पुणे–नाशिक रस्त्यावर गाड्या हलत नाहीत. बोलेरो, क्रूझर, पिकअप. पिकअपच्या हौद्यात माणसं दाटीने उभी आहेत, कानाला मफलर, डोक्यावर टोपी. नंबरप्लेटा वाचत पुढे चालायचं. एमएच १३, एमएच १५, एमएच २४, एमएच १०. सोलापूर, नाशिक, लातूर, सांगली. काही जण रात्री दोनलाच घरून निघालेत. रस्त्याकडेला एका गाडीचं मागचं दार उघडून चटणी-भाकरी चाललीय.

फाटकाशी कृषी प्रदर्शनाच्या नोंदणीची रांग आहे. रांग सरकते तशी धूळ उठते. सावली कुठेच नाही. तासाभरात थंडी ओसरते आणि मफलर पिशवीत जातात. "कोड काढून ठेवा, कोड!" असं ओरडत एक मुलगा रांगेच्या कडेने फिरतोय. एका आजोबांचा कोड नातवाच्या फोनवर आहे आणि नातू पाणी आणायला गेलाय. मागचे थांबतात. थांबता थांबता गप्पा लागतात: कांद्याचा भाव, बिबट्या, मजूर.

आत जाणारा माणूस बहुधा एखादाच प्रश्न घेऊन आलेला असतो. विहीर फेब्रुवारीत तळाला जाते. फवारणीला गडी मिळत नाही. म्हशींच्या धारा काढायला मशीन परवडेल का? गळ्यात कार्ड अडकवून तो आत शिरतो आणि पुढचे सहा-सात तास त्या एका प्रश्नामागे चालतो. त्याला गाठायचं कसं, हे आतल्या प्रत्येक स्टॉलवाल्याचं कोडं.

आत जर्मन हँगर. पांढऱ्या ताडपत्रीचं उंच छत, खाली दुधट उजेड, पायाखाली पातळ गालिचा. डावीकडे स्टॉल, उजवीकडे स्टॉल, पुढच्या गल्लीत पुन्हा तेच. ॲल्युमिनिअमच्या खांबांत बसवलेल्या पांढऱ्या फळ्या, वर फेशियाच्या पट्टीवर एकाच वळणाच्या अक्षरांत कंपनीचं नाव. प्रत्येकाला एक टेबल, दोन खुर्च्या, तीन दिवे, एक प्लग, एक कचऱ्याची टोपली. सगळ्यांना समान शिधा.

"जागा किती आहे ही?" धोतर नेसलेले एक काका एका स्टॉलवर विचारतात.

"तीन बाय तीन, काका. नऊ स्क्वेअर मीटर."

"फुटात सांग."

"शंभर स्क्वेअर फूट धरा."

काका क्षणभर वर बघतात. "गुंठ्यात अकरा बसतील," म्हणतात आणि पोराला चार दिवसांचं भाडं विचारतात. आकडा ऐकून ते स्टॉलकडे नव्याने बघायला लागतात. जमिनीच्या एवढ्याशा तुकड्यावर एवढा खर्च करणाऱ्याने पेरलंय काय, हे आता त्यांना बघायचं आहे. टेबलावर माहितीपत्रकांची चळत आहे. मागे फ्लेक्स आहे, त्यावर पंधरा उत्पादनांचे फोटो. काका एक पत्रक घेतात, घडी करून खिशात ठेवतात आणि पुढे जातात.

तीन मीटरची दर्शनी बाजू ओलांडायला सावकाश चालणाऱ्याला साधारण चार सेकंद लागतात. मी एका खांबाला टेकून नुसतं बघत राहतो. स्टॉलवरचा माणूस खुर्चीत बसून फोन बघत असेल, तर लोक चालायचा वेग जरासुद्धा कमी करत नाहीत. तो उभा असेल तर मान वळते. त्याच्या हातात काही चालू असेल, फिरत असेल, गळत असेल, तर पाय थांबतात.

कोपऱ्यावर एक मोठा स्टॉल आहे, तीन बाजूंनी उघडा. भिंतभर एलईडी पडदा, त्यावर ड्रोनने टिपलेली हिरवी शेतं, छातीत धडधडेल असं संगीत. एक चक्र फिरवायचं, टोपी किंवा पिशवी मिळवायची. रांग लांब आहे आणि भराभर सरकतेय. पिशवी उपयोगाचीच आहे, दिवसभर त्यात सगळ्यांची पत्रकं भरता येतात. पण संगीतामुळे बोलणं ऐकू येत नाही. एक बाई पंपाजवळ जाऊन काहीतरी विचारतात, मुलगा कानाला हात लावून "काय?" करतो, त्या पुन्हा विचारतात, मग निघून जातात. एवढा खर्च, एवढी मेहनत, आणि शेतकऱ्याचा प्रश्न तिथे ऐकूच जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

पुढच्या गल्लीत मात्र माणसं वर बघून हसताहेत. एका फेशियावर कंपनीचं नाव अगदी बारीक आहे. मोठ्या अक्षरांत एक प्रश्न लिहिलाय: "रात्री दोनला मोटर चालू करायला कोण उठतं?"

स्टॉलमध्ये टेबल नाही. एक बाज आहे, वर गोधडी. बाजेखाली गमबूट, उशाशी बॅटरी, कोपऱ्यात काठी. एक तरुण बाजेवर आडवा पडलाय. तो फोनवर बोट ठेवतो आणि स्टॉलच्या दुसऱ्या टोकाला स्टार्टर खटकन ओढतो, मोटर गुरगुरते, निळ्या टाकीत पाण्याची धार पडते. एवढंच. शेतीची थ्री फेज वीज बऱ्याच भागांत चक्राकार पद्धतीने, ठरावीक तासच मिळते. कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत अंधारात बांध तुडवत जायचं, साप-विंचू बघत. हे सगळं त्या बाजेने आणि त्या काठीने सांगून टाकलंय. त्याला वेगळं पत्रक लागत नाही.

"आमच्यात हे उठतात," एक ताई म्हणतात, "पण ते परत येईस्तोवर मी जागीच."

तरुण उठून बसतो. आता तो उत्पादनाबद्दल बोलत नाही, विचारतो. मोटर किती एचपीची? विहीर घरापासून किती लांब? तिथे मोबाइलला रेंज येते का? शेवटच्या प्रश्नाला ताई नवऱ्याकडे बघतात. रेंज नसते. "मग आमचं हे घेऊ नका," तरुण म्हणतो आणि दुसरा उपाय सांगायला लागतो. हे ऐकताच आजूबाजूचे चार जण आणखी पुढे सरकतात.

अशा जागा दिसायला लागल्या की डोळ्यांना सवय होते. एका पाइपवाल्याने पाइप भिंतीवर टांगलेच नाहीत. गल्ली आणि स्टॉल यांच्या मधोमध, उंबरठ्यावर, आडवे टाकलेत. आत यायचं तर पाइपवर पाय द्यावाच लागतो. लोक बिचकतात, मग देतात. एक पैलवानी अंगाचा गडी मुद्दाम दोन्ही पाय ठेवून दणका देतो. पाइप दबतो, परत गोल होतो. "किती किलोचा?" तो विचारतो. "सहा किलोचा, नव्वद एमएम." सहा किलो म्हणजे ६० मीटर, जवळपास २०० फूट उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. तो आकडा पत्रकातही छापलेला असतो. पण पाइपवर उभं राहायचं, वाकवून बघायचा, नखाने खरवडायचा, हीच शेतकऱ्याची रीत. तीच या माणसाने उंबरठ्यावर आणून ठेवली.

हँगरमधून बाहेर आलं की ऊन तोंडावर येतं. साडेबारा झालेत. उघड्या मैदानात मोठी यंत्रं उभी आहेत, ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, मुरघासाच्या गाठी बांधणारी यंत्रं. सगळीकडे इंजिनं चालू. डिझेलचा वास, उसाच्या रसाचा वास, धूळ. एके ठिकाणी माणसांचं कडं पडलंय आणि कुणीच बोलत नाही, म्हणून मी तिकडे वळतो.

मधे कडबाकुट्टी आहे. चालवणाऱ्याने जुन्या शर्टाच्या बाहीत गवत कोंबून हात तयार केलाय, पुढे रबरी हातमोजा शिवलाय. तो मक्याचा चारा घालतो, कुट्टी उडते. मग चाऱ्याबरोबर तो खोटा हात आत सरकवतो. रोलर बोटं पकडतात. मोजा आत ओढला जातो. कुणीतरी "आरं, आरं" म्हणतं. तो लाल दांडा ओढतो, रोलर थांबून उलटे फिरतात आणि मोजा बाहेर येतो. पाचही बोटं जागेवर. तो मोजा लोकांच्या हातात देतो. माणसं बोटं दाबून बघतात. गावोगाव कडबाकुट्टीत हात गेलेली माणसं आहेत, इथल्या प्रत्येकाला असा कुणी ना कुणी ठाऊक आहे.

"दांड्यापर्यंत दुसरा हात पोचतो का पण?" मागून एक जण विचारतो. लाखाचा प्रश्न. चालवणारा यंत्र बंद करतो, प्लग काढून दाखवतो आणि त्यालाच पुढे बोलावतो. "तुमीच बघा." माणूस उजवा हात तोंडाशी ठेवतो, डावा लांबवतो. पोचतो. मग तो आपल्या बायकोला पुढे करतो. चारा तीच घालते, म्हणतो. ती ठेंगणी आहे. तिचा हात दोन बोटं कमी पडतो. चालवणारा मान डोलावतो आणि खिशातल्या वहीत लिहून घेतो.

१८५४ साली न्यूयॉर्कच्या काचमहालातल्या जागतिक प्रदर्शनात एक कारागीर असाच गर्दीसमोर उभा राहिला होता. माल चढवायचे पाळणे तेव्हा होते, पण दोर तुटेल या भीतीने माणसं त्यात पाय ठेवायला कचरत. तो उघड्या फळीवर उंच चढला आणि लोकांसमोर दोर कापायला लावला. फळी थोडीशी घसरली आणि अडकून जागीच थांबली. तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, त्याच शहरातल्या एका दुकानात माणसांसाठी लिफ्ट बसली. भीती ज्या जागी आहे तिथेच दाखवायचं, ही युक्ती तेव्हाही लागू पडली आणि मोशीच्या उन्हातही पडते. फक्त इथे बघणाऱ्याला दांड्याला हात लावून तपासता येतं, आणि दोन बोटं कमी पडली तर तेही कळतं.

मैदानाच्या कडेला पिकांचे प्लॉट आहेत. मल्चिंगच्या चंदेरी कागदावर टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी, झेंडू. टोमॅटो नेमका याच आठवड्यात लाल झालाय आणि खालच्या घोसांपासून वरच्या फुलांपर्यंत सगळं एकाच झाडावर दिसतंय. प्लॉट सांभाळणारा मुलगा तारवटलेल्या डोळ्यांनी उभा आहे. त्याला विचारल्यावर तो बोटांवर मोजतो. रोपवाटिकेत २५ ते ३० दिवस, लागवडीनंतर पहिला तोडा यायला ६० ते ७० दिवस. "गणपती उठले त्या सुमाराला ट्रे भरलेत, सर." म्हणजे चार दिवसांच्या या प्रदर्शनाची सजावट सप्टेंबरच्या पावसात सुरू झाली. मधे करपा आला असता तर? "येतो की. म्हणून तीन लागणी केल्या, आठ-आठ दिवसांच्या फरकानं. ही मधली लागली." बाकीच्या दोन मागे जाळीआड आहेत. आपण बघतो ती एक. लोक वाकून पानं उलटी करतात, खालून पांढरी माशी आहे का बघतात. फुलांच्या कमानीपाशी फोटो निघतात, पण वाकलेले लोक इथेच जास्त.

दोन वाजता पाय बोलायला लागतात. जेवणाच्या मांडवात बाकं कमी आहेत, माणसं चपला काढून गालिच्यावरच बसलीत. पिशव्या उशाला घेऊन काही जण आडवे झालेत. पत्रकांनी वारा घेणं चाललंय. पाण्याच्या टँकरला वेगळीच रांग.

मांडवाच्या अलीकडच्या गल्लीत खमंग वास येतोय, आणि वासाच्या मागे माणसं. अकोले तालुक्यातल्या बचत गटाचा स्टॉल आहे. हँगरमध्ये उघड्या विस्तवाला बंदी असते. या बायकांनी इंडक्शनची शेगडी आणलीय, वर जाड बुडाचा तवा. मावशी मूठमूठ नाचणी भाजताहेत. मूठमूठच, कारण भाजलेला वास काही मिनिटंच टिकतो. संपला की नवी मूठ. शेजारी जातं मांडलंय. लहान मुलं खुंटा धरून फिरवतात, पीठ सांडतं, आया रागावतात, मावशी म्हणतात, "फिरवू द्या." शंभर ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक. तो आकडा मागच्या पाटीवर खडूने लिहिलाय. तो वाचतात ते शहरातले ग्राहक. गावाकडची माणसं वासावर थांबतात आणि म्हणतात, आमची आई अशी भाजायची.

सकाळपासून मी पुन्हा पुन्हा येतोय आणि मला सगळ्यात जास्त वेळ थांबावंसं वाटतं ते हँगरच्या अगदी शेवटी, जनरेटरच्या बाजूच्या गल्लीत. जागा वाईट आहे. आवाज येतो, माणसं इथवर येईपर्यंत दमतात. वाळवा तालुक्यातले दोघं भाऊ ठिबकच्या नळ्या विकतात. त्यांच्या टेम्पोत माल कमी आणि पोती जास्त होती. पोत्यांत माती.

टेबलावर काचेच्या तीन पेट्या आहेत. दीड फूट रुंद, दीड फूट उंच, चार बोटं जाड. एकीत काळी माती, दुसरीत तांबूस, तिसरीत मुरमाड. प्रत्येकीच्या वर काचेला चिकटून एक ड्रीपर, तासाला दोन लिटरचा. थेंब पडतोय. शेतात हे कधीच दिसत नाही. नळी वर दिसते, ओल वर दिसते, खाली काय चाललंय ते अंदाजाने. इथे काचेतून ओलीची कड सरकताना दिसते.

धाकटा दर दहा मिनिटांनी पेनने काचेवर त्या कडेची रेघ काढतो आणि वेळ लिहितो. ११.१०. ११.२०. ११.३०. रेघांचे पट्टे एकात एक बसत जातात. काळ्या मातीत ते आडवे पसरलेत. मुरमाडात सरळ खाली.

"काळ्या रानात ओल कांद्यावानी बसती," थोरला सांगतो, "मुरमाडात गाजरावानी."

समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी उलगडतं. त्याचं रान मुरमाड आहे आणि ड्रीपर दोन फुटांवर. दोन ओलींच्या मधे कोरडं राहतं, तिथला ऊस बारका राहतो, आणि इतकी वर्षं तो खताला दोष देत आला. "फुटावर घ्या," थोरला म्हणतो. माणूस काचेला बोट लावून दोन गाजरांमधलं अंतर मोजतो.

गंमत पुढेच आहे. कृषी महाविद्यालयाची पोरं येतात आणि पैजा लागतात. एक वाजता काळ्या मातीची रेघ कुठे असेल? धाकटा पेन त्यांच्याकडे देतो. प्रत्येक जण काचेवर आपली खूण करतो, शेजारी नावाचं पहिलं अक्षर. बघता बघता मोठी माणसंही खुणा करतात. "जेवून येतो, तोवर पुसू नका." आणि ते खरंच परत येतात. एकदा स्टॉल सोडून गेलेला माणूस एवढ्या पसाऱ्यात पुन्हा त्याच दारात येणं ही प्रदर्शनातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. हे मी स्टॉलमागे उभं राहून शिकलोय. या दोघांकडे पडदा नाही, संगीत नाही, भेट द्यायला टोपी नाही. माती ओली व्हायला लागणारा वेळ त्यांनी कामाला लावलाय.

पण हे फुकट होत नाही. माती एकदा भिजली की पेटी निकामी. २५-३० किलो चिखल काढायचा, काच पुसायची, कोरडी चाळलेली माती थराथराने दाबून भरायची. सैल भरली तर पाणी भलतीकडेच पळतं. दिवसातून दोनदा, तीन पेट्या. गालिचा खराब झाला तर दंड, म्हणून खाली प्लॅस्टिक अंथरायचं. पाण्याची जोडणी वेगळ्या पैशांची, म्हणून घागरीने आणायचं. दोघांची नखं काळी आहेत, आणि लोक त्या हातांकडे बघून जास्त मोकळं बोलतात, असं मला दिसतं.

पाच वाजता शिरोळचे एक गृहस्थ येतात. बराच वेळ तिन्ही पेट्या बघतात. "आमची चोपण जमीन हाय," ते म्हणतात. "पाणी वरच थांबतं. डबकं होतं. तिथं तुमचा ड्रीपर काय करणार?"

थोरला उत्तर द्यायला तोंड उघडतो, मग थांबतो. "खरं सांगू मामा, असं काचेत बघितलं नाही आम्ही."

"परवा मी हितंच आहे. भावाकडं, भोसरीला."

"मग परवा या."

सहा वाजता स्पीकरवर प्रदर्शन बंद होत असल्याचं सांगतात. गल्ल्या मोकळ्या होतात, कुणी फ्लेक्सवरची धूळ पुसतं, कुणी खुर्च्या उलट्या ठेवतं. धाकटा चिखल उपसतोय. थोरल्याने दिवसाची वही उघडलीय. नाव, गाव, पीक, किती एकर, पाणी कुठलं, आणि शेवटच्या रकान्यात जमीन. मुरमाड सगळ्यात जास्त वेळा आलंय. उद्या ती पेटी पुढे घ्यायची ठरते. चौथी पेटी शेजारच्या मत्स्यपालनवाल्याकडे मागायची, त्याच्याकडे जादा काच आहे. मग थोरला घरी फोन लावतो.

"आबा, नदीकडच्या पट्टीतली चोपण लागंल. पांढरी पडलीय ना, तीच. दोन पोती."

पलीकडून काहीतरी विचारलं जातं.

"व्हय, तीच वाईट. एक जण विचारून गेलाय. परवा परत येणार हाय." तो वही मिटतो. "उद्या पत्र्यावर वाळवा, चाळून घ्या, आणि रातच्या एसटीत टाका. मी पहाटं स्वारगेटला उभा राहतो."